कंपनी सेक्रेटरीची परीक्षा : अभ्यास कसा करावा



आजच्या भाषणाचा विषय ऐकून तुमच्यापैकी काहीजण म्हणतील की, ह्यात आमचे काय काम? कंपनी सेक्रेटरी म्हणजे मुंबईकडचा, काचेच्या खोलीत बसणारा कोणी साहेब. किनवटच्या सागवानी रानाशी आणि पैनगंगेकाठच्या कापूस-सोयाबीनशी त्याचा संबंध तो कोणता? संबंध आहे, आणि तो तुमच्या खिशाशी आहे. म्हणून आधी तोच सांगतो आणि मग अभ्यासाकडे वळतो.

२००२ साली कंपनी कायद्यात दुरुस्ती झाली आणि शेतकऱ्यांना स्वतःची 'उत्पादक कंपनी' काढण्याची सोय झाली. दहा उत्पादक शेतकरी एकत्र आले की अशी कंपनी नोंदविता येते. पुढे २०२० च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारने दहा हजार शेतकरी उत्पादक संघटना उभ्या करण्याची योजना सुरू केली. आपल्या नांदेड जिल्ह्यातही अशा कंपन्या निघाल्या. फलक लागले, शेअरचे पैसे गोळा झाले, संचालक मंडळ बसले. पण कंपनी म्हणजे नुसते गोदाम आणि धान्याची चाळणी नव्हे. तिची वार्षिक सभा घ्यावी लागते, सभेचे इतिवृत्त लिहावे लागते. सभा झाल्यावर ३० दिवसांत हिशेबपत्रके आणि ६० दिवसांत वार्षिक विवरण कंपनी निबंधकाकडे भरावे लागते. हे राहून गेले तर १ जुलै २०१८ पासूनच्या नियमाने प्रत्येक अर्जामागे दररोज १०० रुपये जादा शुल्क चढते. दोन अर्ज वर्षभर पडून राहिले तर ७३,००० रुपये झाले. एवढ्या रकमेत किती क्विंटल सोयाबीन गेले, हा हिशेब मी तुम्हांला सांगायला नको. आणि लागोपाठ तीन वर्षे ही कागदपत्रे भरलीच नाहीत तर संचालकांना पाच वर्षे कोणत्याही कंपनीत नव्याने संचालक होता येत नाही. बिचाऱ्या संचालकाला पुष्कळदा आपण काय भरायचे होते हेच ठाऊक नसते.

हे सारे वेळच्या वेळी करणारा आणि संचालकांना 'हे असे करता येणार नाही' म्हणून सांगणारा जाणता माणूस म्हणजे कंपनी सेक्रेटरी. ज्या उत्पादक कंपनीची सरासरी वार्षिक उलाढाल सतत तीन वर्षे पाच कोटी रुपयांवर जाते, तिने पूर्णवेळ सेक्रेटरी नेमलाच पाहिजे, असे कायदा सांगतो. आणि तो सेक्रेटरी ही परीक्षा उत्तीर्ण होऊन संस्थेचा सभासद झालेला असला पाहिजे. आता तो सेक्रेटरी बाहेरगावाहून आणावयाचा की आपल्यातूनच तयार करावयाचा, हा खरा प्रश्न आहे.

आपल्याकडे हा पेशा नवा नाही. चिटणीस म्हणजे काय, हे मराठी माणसाला शिवकालापासून ठाऊक आहे. नवी आहे ती परीक्षा. केंद्र सरकारने १९६० साली कंपनी सेक्रेटरीशिपची सरकारी पदविका सुरू केली. ४ ऑक्टोबर १९६८ रोजी इन्स्टिट्यूट ऑफ कंपनी सेक्रेटरीज ऑफ इंडिया ही संस्था स्थापन झाली आणि कंपनी सेक्रेटरी अधिनियम, १९८० अन्वये तिला कायद्याचे अधिष्ठान मिळाले. तिचे मुख्य कार्यालय नवी दिल्लीस आहे. बारावीनंतर प्रवेश परीक्षा, तीतून पुढे 'एक्झिक्युटिव्ह' आणि शेवटी 'प्रोफेशनल', असा हा क्रम आहे. पदवीधरांना काही अटींवर प्रवेश परीक्षेतून सूट मिळते. एक्झिक्युटिव्हच्या सात प्रश्नपत्रिका, प्रोफेशनलच्या सात. दोन्ही पायऱ्यांवर त्यांचे दोन-दोन गट. शिवाय २१ महिन्यांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण. पदवीनंतर तीन-चार वर्षे तरी लागतील असे धरून चालावे. 'वर्षात सेक्रेटरी करून देतो' अशी जाहिरात कोणी केली तर ती जत्रेतल्या औषधाच्या पुडीसारखी समजावी.

आता पहिली गोष्ट सांगतो, जी मुलांना फार उशिरा कळते. ह्या परीक्षेत ४० गुण म्हणजे उत्तीर्ण नव्हे! प्रत्येक विषयात किमान ४० टक्के पाहिजेत हे खरे. पण त्याबरोबरच गटाची बेरीजही ५० टक्के झाली पाहिजे. चार पत्रिकांच्या गटाचे गुण ४००. एखाद्या मुलाने चारही विषयांत ४५-४५ मिळविले. शाळा-कॉलेजच्या हिशेबाने तो झकास पास. घरी पेढे वाटले जायचे. पण येथे त्याची बेरीज १८० होते, लागतात २००. म्हणजे चारही विषयांत पास होऊन मुलगा गटात नापास! असा निकाल हाती आला की घरचे म्हणतात, 'अरे, सगळ्यांत तर पास दिसतोस!' आणि त्या मुलाला कोणाला काय समजावून सांगावे ते कळत नाही. कित्येक जण येथेच परीक्षा सोडून देतात.

ह्यावर उपाय आहे आणि तो साध्या शेतकी शहाणपणाचा आहे. सगळ्या रानात सारखे पीक येत नाही. जे रान काळे आहे तेथून जास्त काढावयाचे आणि मुरमाड तुकड्याची तूट भरून घ्यावयाची. गटातले दोन विषय असे निवडा की ज्यांत तुमचा हात साठ-पासष्टपर्यंत जाईल. कठीण विषयात पंचेचाळीस आले तरी बेरीज सावरते. ह्यात आणखी एक लाभ आहे. गट राहिला तरी ज्या विषयात ६० टक्के किंवा अधिक गुण पडले, तो विषय पुन्हा द्यावा लागत नाही. त्यातून सूट मिळते. तेव्हा अभ्यासाच्या वेळापत्रकात सर्व विषयांना सारखे तास वाटून देऊ नका. कागदावर ते फार नीटनेटके दिसते, एवढेच.

पुस्तकांविषयी. संस्थेचे अभ्याससाहित्य तिच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळते. मूळ कायदेही सरकारी संकेतस्थळांवर मिळतात. तेव्हा पुस्तकांसाठी कर्ज काढू नये. पण एका काटकसरीपासून मात्र जपा. थोरल्या भावाची, शेजारच्या ताईची चार वर्षांपूर्वीची पुस्तके वापरू नका. इतिहासाचे पुस्तक जुने झाले तरी पानिपतची लढाई बदलत नाही, कायदा बदलतो. १९५६ चा कंपनी कायदा जाऊन २०१३ चा आला, त्यातही वारंवार दुरुस्त्या झाल्या. करांचे कायदे तर दरसाल हलतात. परीक्षेच्या साधारण सहा महिने आधीपर्यंत झालेले बदल प्रश्नपत्रिकेत धरले जातात. म्हणून एक पातळ वही फक्त बदलांसाठी ठेवा. काय होते, काय झाले, केव्हापासून झाले, अशा तीन रकान्यांची. अर्ज भरण्यापूर्वी शुल्काच्या सवलतीही वाचाव्यात. अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना सवलत असते आणि आपल्याकडची मुले ती न वाचताच पूर्ण पैसे भरून मोकळी होतात.

आता भाषा. खरी धास्ती हीच आहे, हे मला ठाऊक आहे. परीक्षा इंग्रजीतून देता येते, हिंदीतूनही देता येते, मराठीतून नाही. आपल्या किनवट तालुक्यात घरी गोंडी, कोलामी, बंजारा बोलणारी मुले आहेत; त्यांना शाळेतली मराठी हीच आधी शिकावी लागली. पण बाबांनो, हा मुलूख १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होता, आणि निजामाच्या राज्यात सरकारदरबारचा कारभार उर्दूतून चालत असे. घरची बोली एक, बाजारची दुसरी आणि कचेरीची तिसरी, अशा तीन भाषा आपल्या वाडवडिलांनी निभावल्या. कचेरीची भाषा म्हणजे कादंबरीची भाषा नव्हे. तिच्यात पाच-सातशे शब्द पुनःपुन्हा फिरून येतात. ते शब्द वहीत उतरवा आणि समोर आपला शब्द लिहा. कोरम म्हणजे गणपूर्ती, मिनिट्स म्हणजे इतिवृत्त, रेझोल्यूशन म्हणजे ठराव, अजेंडा म्हणजे विषयपत्रिका, डिव्हिडंड म्हणजे लाभांश. समजून घ्या मराठीत किंवा घरच्या बोलीत आणि लिहा परीक्षेच्या भाषेत. परीक्षक तुमच्या अलंकारांना गुण देत नाही. छोटी, सरळ वाक्ये लिहिलीत तर त्यालाही बरेच वाटते.

एक मात्र आहे. कायद्याच्या भाषेत काही शब्द लहान दिसतात आणि वजनाने फार भारी असतात. 'शॅल' म्हणजे केलेच पाहिजे. 'मे' म्हणजे करता येईल. कायद्यात म्हटले आहे की सभेचे इतिवृत्त ३० दिवसांच्या आत नोंदविले गेले पाहिजे. तेथे 'शॅल' आहे. मग सेक्रेटरीची तब्येत बरी नव्हती ही सबब चालत नाही. 'प्रोव्हायडेड दॅट' आले की समजावे, आता अपवाद येतो आहे. त्याला मराठी कायद्यात परंतुक म्हणतात. 'नॉटविथस्टँडिंग' आले की, दुसरीकडे काहीही म्हटले असो, येथे हेच चालेल. मूळ कायदा वाचताना हे शब्द पेन्सिलीने वेढून टाका. बाजारातल्या मार्गदर्शिकेत हे शब्द गळून पडतात आणि प्रश्न तर नेमके त्यांच्यावरच येतात. म्हणून रोज थोडा का होईना, मूळ कायदा वाचावा. चार-पाच कलमे पुरे. आधी कलम वाचा, मग पुस्तकातले स्पष्टीकरण. उलट क्रमाने वाचलेत तर कलम कधीच वाचून होत नाही.

येथे आपल्या खेड्यातल्या मुलाला एक सोय आहे, जी शहरातल्या मुलाला सहसा नसते. त्याने सभा पाहिलेली असते. ग्रामसभा पाहिली, सोसायटीची सभा पाहिली, दूध संस्थेची पाहिली. गणपूर्ती झाली नाही म्हणून सभा तहकूब झालेलीही त्याने पाहिली. ग्रामसभेला सर्वसाधारणपणे एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० मतदार, ह्यांतली जी संख्या कमी ती लागते. अनुसूचित क्षेत्रातल्या गावांना पेसाचे वेगळे नियम आहेत. आता कंपनी कायद्याकडे या. सार्वजनिक कंपनीचे सभासद एक हजारापर्यंत असतील तर ५, पाच हजारांपर्यंत १५ आणि त्यावर ३० सभासद जातीने हजर पाहिजेत. खासगी कंपनीत २ पुरेत. अर्ध्या तासात गणपूर्ती झाली नाही तर सभा पुढच्या आठवड्यात त्याच वारी, त्याच वेळी, त्याच जागी जाते. तेव्हाही अर्ध्या तासात न झाली तर आलेले सभासद हीच गणपूर्ती. पण जी सभा सभासदांनी मागणी करून बोलाविली असेल, ती मात्र रद्दच होते. का बरे? ज्यांनी सभा मागितली तेच आले नाहीत, तर पुन्हा कोणासाठी बोलवावी? असे कारण कळले की पाठांतराचे ओझे निम्मे होते.

आता एक प्रश्न आपण मिळून सोडवू. कागद-पेन्सिल जवळ असेल तर घ्या. समजा, एका शेतकरी उत्पादक कंपनीचे ४०० सभासद आहेत, सगळे शेतकरी. वार्षिक सभेची लेखी नोटीस सभेच्या १६ दिवस आधी गेली. सभेस ९० सभासद आले. मतदानाच्या वेळी एकजण उठून म्हणाला, 'माझे शेअर पन्नास, तेव्हा माझी मते पन्नास धरा.' अध्यक्षांनी ती धरली आणि ठराव मंजूर झाला. हा ठराव कायदेशीर आहे काय?

घाईने अभ्यास केलेला मुलगा लिहील, सभेची नोटीस पूर्ण २१ दिवसांची लागते, ती १६ दिवसांचीच आहे, म्हणून नोटीस चुकली. उत्पादक कंपनी खासगी कंपनी समजली जाते, तिला दोन सभासद पुरतात, येथे ९० आहेत, म्हणून गणपूर्ती झाली. आणि शेअर तितकी मते, म्हणून मतदानही ठीक. तीनही उत्तरे चूक! उत्पादक कंपनीसाठी कायद्यात वेगळे प्रकरण आहे. तिच्या सर्वसाधारण सभेला १४ दिवसांची लेखी नोटीस पुरते. म्हणून नोटीस बरोबर होती. गणपूर्तीस एकूण सभासदांच्या एक-चतुर्थांश, म्हणजे १०० सभासद पाहिजेत. नियमावलीत अधिक संख्या असेल तर तितके. येथे ९० आले, म्हणून गणपूर्ती झालीच नाही. आणि सगळे सभासद व्यक्ती असतील तेथे शेअर कितीही असोत, एका सभासदाला एकच मत. ज्याची नजर फक्त सर्वसाधारण नियमावर आहे, त्याचे येथे सगळे गुण जातात. आणि उद्या तोच सेक्रेटरी झाला तर त्या कंपनीचे सारे ठराव कोर्टात जातात.

उत्तर लिहिण्याची रीत ह्याच प्रश्नात दिसते. आधी कायद्याची तरतूद सांगावी. मग ह्या प्रसंगात काय घडले ते दोन ओळींत. मग तरतूद प्रसंगाला लावून दाखवावी. शेवटी निर्णय, आणि तोही स्पष्ट. 'ठराव कायदेशीर नाही' असे लिहावे, 'कदाचित नसावा' असे नाही. कलमाचा क्रमांक पक्का आठवत असेल तर लिहा. शंका असेल तर 'कंपनी अधिनियम, २०१३ च्या तरतुदीप्रमाणे' एवढेच लिहून पुढे जा. खोटा क्रमांक लिहिण्यापेक्षा ते शंभर पटींनी बरे.

न्यायालयांचे निकाल पाठ होत नाहीत, अशी तक्रार नेहमी येते. ते पाठ करावयाचेच नसतात. गोष्ट म्हणून सांगावयाचे असतात. इंग्लंडात सॉलोमन नावाचा बूट तयार करणारा होता. त्याने आपला धंदा स्वतःच्याच कंपनीला विकला. २०,००७ शेअरपैकी २०,००१ त्याचे, आणि बायको व पाच मुले ह्यांचा एकेक. कंपनी बुडाली तेव्हा देणेकरी म्हणाले, कंपनी कसली, हा सॉलोमनच आहे. १८९६ साली हाऊस ऑफ लॉर्ड्सने सांगितले की नाही, कंपनी वेगळी आणि सॉलोमन वेगळा. दुसरी गोष्ट आपल्या मुंबईची. बाचा गुजदर नावाच्या बाईंचे चहाच्या कंपन्यांत शेअर होते. चहाच्या उत्पन्नाचा ६० टक्के भाग शेतीचा धरला जातो; तेव्हा माझ्या लाभांशातलाही तेवढा भाग शेतीचे उत्पन्न समजून त्यावर प्राप्तिकर लावू नये, असे त्यांचे म्हणणे. सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केले नाही. शेअर घेतल्याने कोणी चहाच्या मळ्याचा मालक होत नाही. मळा कंपनीचा, लाभांश तुमचा. पुस्तकांतून हा निकाल १९५५ सालच्या नोंदीने सापडतो. ह्या दोन गोष्टी रात्री जेवताना आईवडिलांना सांगा. त्यांना कळल्या तर तुम्हांला कळल्या. उत्पादक कंपनीच्या सभासद शेतकऱ्यालाही ह्या ठाऊक असाव्यात. गोदाम कंपनीचे असते, संचालकाच्या बैलजोडीसाठी नसते.

हिशेबाच्या विषयाबद्दल फार बोलत नाही. तो वाचून येत नाही. पोहण्यासारखा करूनच येतो. रोज एक उदाहरण, उत्तर झाकून, शेवटच्या बेरजेपर्यंत. एवढेच.

वेळेचे गणित मात्र सांगितले पाहिजे. ह्या परीक्षा जून आणि डिसेंबर ह्या महिन्यांत होतात. शहरातल्या मुलाला हे दोन्ही महिने सारखे, आपल्याला नाहीत. जूनमध्ये मृग लागतो, घरात पेरणीची घाई असते. डिसेंबरच्या आधी सोयाबीनची काढणी आणि मळणी, मग कापूस वेचणी. मजूर मिळत नाही आणि घरचा प्रत्येक हात रानात लागतो. माझे मत विचाराल तर, ज्यांच्या घरी शेती आहे त्यांनी पहिला प्रयत्न जूनचा करावा. कारण हरभरा निघाल्यावर चैत्र-वैशाखात रानाची कामे कमी असतात. लग्नसराई असते खरी. पण वरातीला एक माणूस कमी गेल्याने कोणाचे लग्न मोडत नाही. उन्हाळ्यात पहाटे चार ते सात वाचावे. तेव्हा हवा गार असते आणि दिव्याची वीजही बहुधा असते. पेरणीचे आठ-दहा दिवस त्या मुलाला मोकळे ठेवता येतील की नाही, हे घरात मार्चमध्येच बोलून ठेवा. ऐन पावसाच्या दिवशी 'माझा पेपर आहे' म्हणून सांगितले, की दोन्ही बाजूंनी रागवारागवी होते. आणि नोंदणीची शेवटची तारीख परीक्षेच्या कित्येक महिने आधी असते, हे विसरू नका. दोन्ही गट एकदम की एक? शेतात राबून अभ्यास करणाराने पहिल्या खेपेस एकच गट घ्यावा, असे मी म्हणेन.

रोजचे तीन तास मिळाले तरी पुरे. पण त्यांतला एक तास लिहिण्याचा असला पाहिजे. आमची मुले वाचतात पुष्कळ, मोबाइलवर व्याख्यानेही ऐकतात, आणि लिहितात एकदम परीक्षेच्या खोलीत. तीन तास सलग लिहिण्याची सवय बोटांना नसते. शंभर गुण, एकशे ऐंशी मिनिटे. म्हणजे पाच गुणांच्या प्रश्नाला नऊ मिनिटे. नऊ मिनिटे किती लहान असतात, हे घड्याळ लावून लिहिल्याशिवाय कळत नाही. मागील परीक्षांच्या प्रश्नपत्रिका संस्थेच्या संकेतस्थळावर मिळतात. शेवटच्या दोन महिन्यांत दर रविवारी एक पत्रिका, पूर्ण वेळ लावून, पुस्तक बंद करून सोडवावी.

येथे शिक्षक मित्रांना माझी विनंती आहे. तुम्हांला हा अभ्यासक्रम शिकविता आलाच पाहिजे असे नाही. तुम्ही उत्तर तपासा. तरतूद, प्रसंग, लावणी, निर्णय हे चार भाग आहेत की नाहीत, एवढे पाहिले तरी मुलाचे निम्मे काम होते. ते मराठीचे किंवा इतिहासाचे शिक्षकही पाहू शकतात. दुसरे, गावातल्या सोसायटीचे किंवा उत्पादक कंपनीचे चेअरमन तुमच्या ओळखीचे असतील. सभेच्या दिवशी ह्या मुलांना मागे बसू द्या, म्हणून त्यांना सांगा. मुलांनी सभेची नोटीस, विषयपत्रिका आणि इतिवृत्त आपल्या वहीत स्वतः लिहावे आणि मग खऱ्या इतिवृत्ताशी ताडून पाहावे. 'गुरुजी, इतिवृत्तात तर ठरावाला सूचक-अनुमोदकच नाहीत,' असे मुलगा तुम्हांला येऊन सांगू लागला, म्हणजे समजा की अभ्यास लागला.

आणि ज्याला कागदाचा कंटाळा आहे, तारखा ज्याच्या डोक्यात राहत नाहीत, त्याला ह्या वाटेला ढकलू नका. दुसरी पुष्कळ चांगली कामे आहेत. ही परीक्षा हुशारीपेक्षा चिकाटी पाहते. दोन-तीनदा परत फिरावे लागले तर घरच्यांनी किती काळ थांबावयाचे, हेही आधीच ठरवून ठेवावे.

परीक्षेच्या दिवसांचे दोन शब्द. केंद्र दूरच्या शहरी असेल. किनवटहून नांदेडला जायलाच दिवस मोडतो, तर पुढचे विचारू नका. पहाटेच्या गाडीवर भरवसा ठेवून पेपरच्या दिवशी निघू नये; आदल्या दिवशी दुपारीच मुक्काम गाठावा आणि केंद्र डोळ्यांनी पाहून यावे. प्रवेशपत्र आणि ओळखपत्र वेगवेगळ्या खिशांत नव्हे, एकाच पाकिटात ठेवावे. लिहिणे सुरू करण्यापूर्वी प्रश्नपत्रिका वाचण्यास पंधरा मिनिटे मिळतात. ती पंधरा मिनिटे कोणता प्रश्न आधी आणि कोणता शेवटी, हे ठरविण्यात घालवावीत. जो प्रश्न पक्का येतो तो आधी. पण त्यावरच पाऊण तास रमू नका. वीस गुणांचे कोरे सोडून दहा गुणांचे सुंदर लिहिणारी मुले मी पाहिली आहेत.

निकाल लागला आणि गुण कमी वाटले तर ठरलेल्या मुदतीत गुणांची पडताळणी मागता येते, आणि आपल्या उत्तरपत्रिकेची प्रतही शुल्क भरून मिळते. ती प्रत जरूर मागवावी. गट गेला असेल तर ती घेऊन शिक्षकांकडे बसावे. कोठे तरतूद लिहिली आणि प्रसंगाला लावलीच नाही, कोठे निर्णय राहून गेला, ते लाल पेन्सिलीने मांडावे. ६० च्या वर गेलेल्या विषयाची सूट नोंदली गेली आहे की नाही, तेही संस्थेच्या संकेतस्थळावर त्याच आठवड्यात पाहून घ्यावे आणि पुढच्या नोंदणीची तारीख वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावी.